तेलाची वाटी

माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. कंपनीच्या कामासाठी तो इटलीत नेपल्सला दोन महिने राहून आला आणि गेल्या डिसेंबरात चार दिवसांची रजा काढून आमच्याकडे निपाणीला उतरला. त्याच्याजवळ फोटो पुष्कळ होते. मी आपला चष्मा सावरून एखादे चर्च, एखादा किल्ला, निदान तो प्रसिद्ध व्हेसुव्हियस तरी येईल म्हणून वाट पाहत होतो. व्हेसुव्हियस एकदाच आला. तोही एका खानावळीच्या खिडकीतून दिसत होता आणि त्याच्यापुढे कागदाच्या पुडीत तळलेले मासे होते. बाकी सगळे फोटो खाण्याचे.

"अरे, गाव बघितलंस की नुसताच जेवलास?" मी विचारले.

"मामा, तिथं गाव असंच दाखवतात," तो म्हणाला. "सकाळी एखाद्या तिथल्याच माणसाबरोबर निघायचं आणि दिवसभर खात हिंडायचं. कुठली गल्ली जुनी, कोण कुठून आलं, कुणाचं कुणाशी भांडण, सगळं त्यातूनच कळतं. आता तुम्ही मला तसं बेळगाव दाखवा."

मला गंमत वाटली. तीस वर्षे मी मुलांना सहलीला नेतो आहे. बेळगावात गेलो की किल्ला, कमल बस्ती, कपिलेश्वर, काँग्रेसची विहीर असा माझा क्रम ठरलेला. विहिरीपाशी उभे राहून १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन, हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की ते आता माझ्याआधी मुलेच म्हणतात. पण पोटाच्या वाटेने गाव दाखवायचे कधी सुचले नव्हते. खरे म्हणजे त्या वाटेवर एक ठिकाण असे होते की तिकडे जायचे मी पुष्कळ वर्षे टाळत आलो होतो. ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. निपाणीच्या बसस्थानकाबाहेर पहिला चहा घेतला. तंबाखूच्या हंगामात इथल्या चहालाही वखारीचा वास येतो असे आमचे गाववाले थट्टेने म्हणतात. भाच्याला मी सांगितले, "तुझी सहल इथूनच सुरू कर. आपल्या गावाने खाल्ले ते तंबाखूवर." माझे वडील तंबाखूच्या एका वखारीत दिवाणजी होते. गल्लीतल्या निम्म्या बाया विड्या वळायच्या. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. रस्त्यावर माणसांचे एक गावच वसले होते आणि भोवतालच्या खेड्यांतून त्यांच्यासाठी भाकऱ्या येत होत्या. आमच्या घरूनही एक टोपली गेली; ती डोक्यावर घेऊन जाणारा मी. त्या टोपलीभोवती बसलेल्यांत मराठी बोलणारे होते, कानडी बोलणारे होते. एकाने ठेचा मागितला, दुसऱ्याने 'रंजका' मागितला. आईने फडक्यात एकच जिन्नस बांधून दिला होता आणि तो दोघांनाही पुरला. त्या आंदोलनाचा शेवट एप्रिलमध्ये गोळीबाराने झाला, शेतकरी मेले. पण ती टोपली माझ्या डोक्यावर अजून आहे.

बस संकेश्वरला थांबली. मी भाच्याला म्हटले, "इथली मिरची प्रसिद्ध. संकेश्वरी तिखटाला आणि ब्याडगी रंगाला. आपल्याकडच्या बायका दोन्ही मिसळून चटणी कुटतात. नुसती संकेश्वरी घातली तर डोळ्यांत पाणी, नुसती ब्याडगी घातली तर रस्सा दिसायला लालभडक आणि चवीला मवाळ." भाचा हसला. तो म्हणाला, नेपल्सच्या पिझ्झ्यावरचा टोमॅटोही मूळ तिथला नव्हे, अमेरिका खंडातून आलेला. मग मला जोर चढला. मिरची तिथलीच, बटाटा तिथला, तंबाखूही तिथली! पोर्तुगीजांच्या गलबतांतून या वस्तू आपल्या किनाऱ्याला लागल्या आणि घाट चढून वर आल्या. म्हणजे ज्या तंबाखूवर निपाणी वसली आणि ज्या मिरचीवाचून आमचा घास उतरत नाही, त्या दोन्ही पाहुण्याच. पाहुणे चारशे वर्षे राहिले की घरचेच होतात, आणि मग वाटणीसाठी भांडतातही.

बेळगावात उतरल्यावर आधी उडप्याच्या हॉटेलात गेलो. मी 'दोन उप्पीट' म्हणालो आणि भाचा म्हणाला, "मामा, उपमा." हा आमच्यातला जुना वाद आहे. पुण्याला उपमा, आम्हाला उप्पीट. कानडीत उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. त्या उप्पिट्टुचे आम्ही उप्पीट केले. उडुपीकडून आलेल्या त्या मालकाची घरची भाषा बहुधा तुळू असते. तो कानडीत हिशेब सांगतो, मराठीत 'बसा बसा' म्हणतो आणि हिंदीत पोराला ओरडतो. भाच्याने वहीत लिहून घेतले: पहिल्याच बशीत चार भाषा.

मग गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार. सकाळची भाजी उतरत होती. यातली किती भाजी घाट उतरून गोव्याला जाते ते त्याला सांगितले. पश्चिमेकडच्या खेड्यांतल्या बाया लोणी घेऊन बसल्या होत्या. एकीने बोटाच्या टोकावर लोणी काढून भाच्याच्या तळहातावर ठेवले. "खाऊन बघ की, मग घे. पैसं काय पळून जाऊलालेत काय?" हे बेळगावी मराठी ऐकून त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "हे 'जाऊलालेत' तुमच्या व्याकरणात नाही. पण या लोण्याइतकेच ते ताजे आहे." पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते. 'गणगोत'मधले त्यांचे रावसाहेब ज्याने वाचले आहेत, त्याला या गल्लीतल्या बोलण्याची चव सांगायला नको.

रिसालदार गल्लीशी मी जरा थांबलो. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावला आले तेव्हा भाटे नावाच्या मराठी वकिलांकडे उतरले होते. भाट्यांच्या चिरंजीवांनी पुढे आठवणी लिहिल्या. त्यांत आहे की या संन्याशाने जेवणानंतर विडा मागितला आणि नंतर खायची तंबाखूही मागितली, तेव्हा घरची मंडळी चकित झाली. सहलीच्या मुलांना मी स्वामींच्या मुक्कामाचे सांगतो. तंबाखूचे मात्र गाळतो. मुख्याध्यापकाला काही गोष्टी गाळाव्या लागतात. भाच्याला मात्र सांगितले, कारण त्या घरातल्या माणसांनी आलेला पाहुणा कोण आणि कसा, हे ताटावरूनच ओळखायला सुरुवात केली होती.

नंतर मांडे. एका घरी ऑर्डरीचे मांडे करतात, तिथे ओळखीने आत जाऊ दिले. पुरण भरावे तसे पिठीसाखर, तूप, खसखस, वेलची असे सारण भरून ती बाई पोळी लाटते आणि मग पोळपाट सोडून देते. पोळी दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरते आणि पालथ्या घातलेल्या तापल्या भांड्यावर अलगद टाकते. पूर्वी ते भांडे मातीचे खापर असे. भाजून झाले की मऊ आहे तोवर घडी घालायची. एक क्षण उशीर झाला की घडी मोडते. इथल्या लग्नांत रुखवतावर मांडे लागतातच. मी सांगितले, मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू दिले नाही तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवली, ती गोष्ट. त्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "ते खरं सर. पण पाठीवर भाजायलाही पीठ चांगलं मळलेलं लागतंय."

कुंदा घेतला तेव्हा भाच्याने विचारले, "हा मराठी की कानडी?" दुकानदार आणि मी दोघेही हसलो. दूध आटवायचे, दह्याने ते किंचित फाटू द्यायचे, साखर करपू न देता तांबूस होईपर्यंत ढवळत राहायचे, की रवाळ कुंदा होतो. हा प्रकार राजस्थानातून आलेल्या एका मारवाडी मिठाईवाल्याच्या हातून प्रथम झाला असे गावात सांगतात. दूध चुलीवर जरा जास्त राहिले आणि ती चूक गावाला गोड लागली, असेही सांगतात. गोकाकचा करदंट घ्या. कानडीत करिद म्हणजे तळलेला आणि अंटु म्हणजे डिंक. आम्ही मराठी घरांत बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतो, गोकाकचे लोक तोच डिंक गुळात घालून वड्या थापतात. आमच्या कडबूला कानडीत कडबूच म्हणतात, आमच्या पुरणाला ते हूरण म्हणतात, त्यांच्या तुप्पाला आम्ही तूप म्हणतो. उलट त्यांच्या पाट्यांवर 'खानावळि' असते. तो शब्द त्यांनी आमच्याकडून घेतला. कुणी कुणाचे काय घेतले याचा तंटा न्यायालयात नेला तर वकिलांच्या तीन पिढ्या जेवतील.

हे मी त्याला हसत सांगत होतो, पण भाचा गंभीर झाला. तो म्हणाला, "मग मामा, इथं एवढं भांडण कसलं?"

हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. मी त्याला नीट सांगितले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. विचारून गेला असता तर गोष्ट वेगळी होती. महाजन आयोग १९६६ साली नेमला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने मानला नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ पासून गावाचे सरकारी नाव बेळगावी झाले. मधल्या काळात आमच्या तीन पिढ्यांनी आपल्या भाषेत सातबारा मिळावा, नोटीस मिळावी, यासाठी अर्ज केले. मीही करतो. आपल्याला न वाचता येणाऱ्या कागदावर सही करताना म्हाताऱ्या माणसाचा हात कसा थांबतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे भांडण पोकळ वाटत नाही. आणि निपाणीत राहून आमची मुले देवचंद महाविद्यालयात जातात ते अर्जुननगरला, म्हणजे घर कर्नाटकात आणि वर्ग महाराष्ट्रात. ती रोज सकाळी सीमा ओलांडतात आणि दुपारी भूक लागली की परत ओलांडतात.

"चल," मी म्हटले, "आता जेवायला जाऊ." आणि टाळलेल्या वाटेला लागलो.

१९८५ साली दहावी झाल्यावर वडिलांनी मला बेळगावला पाठवले. घराजवळ राहिलास तर शेवटी वखारीतच येऊन बसशील, असे त्यांचे म्हणणे होते. खोली तिघांत मिळून आणि जेवण एका खानावळीत. महिन्याचे दीडशे रुपये. खानावळ चालवणाऱ्या बाई विधवा होत्या, घर लिंगायत, भाषा कानडी. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. ज्वारीची पातळ भाकरी, वांग्याची एण्णेगायी, म्हणजे आमचे भरले वांगेच, एक डाळीची पल्ल्या, शेंगदाण्याची चटणी, कच्ची मेथी, कांदा, शेवटी भात, सार आणि ताक. भाकरी मोजायची पद्धत नव्हती. दारात पाय ठेवला की विचारणे एकच: "ऊटा आतेन, तम्मा?" जेवण झाले का रे भावा? जेवायला आलेल्या माणसाला हे काय विचारणे, असे आधी वाटे. नंतर कळले की 'ये' म्हणण्याची ती त्यांची रीत होती.

अक्कांना कानडी वाचता येत नव्हते आणि मराठीही नव्हते. हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी. प्रत्येकाच्या जागेसमोर त्याच्या रेघा. पैसे दिले की रेघा ओल्या फडक्याने पुसायच्या.

दाराबाहेर पाटी होती. वरच्या ओळीत कन्नड लिपीत 'खानावळि' आणि खालच्या ओळीत देवनागरीत 'खानावळ'.

१९८६ चा जून आला. कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटले. गोळीबारात माणसे मारली गेली. त्या हुतात्म्यांचे स्मारक आज हिंडलग्याला आहे आणि दरवर्षी १ जूनला आम्ही तिथे जातो. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. संताप होता, आणि त्याला कारण होते, हे मी आजही म्हणतो. एका रात्री आम्ही चौघे पोरे रस्त्याच्या कामावरच्या पिपातले डांबर एका डब्यात घेऊन निघालो. काथ्याचा कुंचा माझ्या हातात होता. आम्ही पाच-सहा पाट्या काळ्या केल्या. सरकारी पाट्या उंचावर होत्या, तिथे आमचे हात पोहोचेनात. अक्कांच्या पाटीला पोहोचले.

मी वरची ओळ काळी केली. खालची राहू दिली. दोन्ही ओळींत शब्द एकच होता, शेवटच्या इकाराचा काय तो फरक. पण हे तेव्हा डोक्यात आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भूक लागली. दुसरीकडे जायला पैसे नव्हते. मी गेलो. हात धुवायच्या जागी उभा राहून घासत होतो. डांबर निघत नव्हते. बोटांच्या पेरांत आणि नखांत बसले होते. मागून अक्का आल्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, आत गेल्या आणि शेंगदाण्याच्या तेलाची वाटी घेऊन आल्या. त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "डांबर पाण्यानं जात नाही, तम्मा. तेल लागतंय. चोळ, मग जेव. नाहीतर भाकरीला वास येतंय."

एवढेच. त्यानंतर मी तिथे पावणेदोन वर्षे जेवलो. त्या विषयावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत आणि मीही बोललो नाही. पुढे बी.ए., एम.ए., बी.एड., नोकरी, लग्न. बेळगावला शंभर वेळा गेलो. प्रत्येक वेळी वाटे, जावे आणि सांगावे. प्रत्येक वेळी काहीतरी काम निघे. मग एकदा कानावर आले की अक्का गेल्या.

खानावळ त्याच गल्लीत आहे. आता स्टीलची टेबले आहेत, भिंतीला फरशी आहे. गल्ल्यावर अक्कांचा मुलगा बसतो. आमच्या वेळी तो सातवीत होता, जवळच्या मराठी शाळेत जायचा, कारण जवळ तीच होती. त्याने मला ओळखले. "बसा की सर," म्हणाला, आणि ताट वाढायला स्वतः उठला. तीच भाकरी, तीच एण्णेगायी. भाचा खाली मान घालून जेवत होता. नेपल्सचे नाव बराच वेळ त्याच्या तोंडी आले नाही.

जेवण झाल्यावर गल्ल्यापाशी उभा राहून मी सांगितले. शाळेत प्रार्थनेच्या वेळी हजार मुलांपुढे बोलणारा माणूस मी, पण त्या चार वाक्यांना मला फार वेळ लागला.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "माहीत आहे की सर. ती पाटी मीच घासली."

"तू?"

"आईनं मला शिडीवर चढवलं. रॉकेलनं घासली अख्खा रविवार. डांबर निघालं, पण खालचा रंगपण निघाला. वरची ओळ कोरीच झाली. मग पुष्कळ दिवस नुसती मराठीच होती पाटीवर." तो थोडा हसला. "पुढं एकदा दुसरी पोरं आली. ती कन्नडवाली. त्यांनी खालची काळी केली."

"मग?"

"मग आई म्हणाली, पाटीच नको. भाकरीच्या वासानं येणारा येतंय. काढूनच टाकली. आता हा फ्लेक्स आहे बघा. २०२४ च्या कायद्यानं साठ टक्के कन्नड पाहिजे. फ्लेक्सवाल्यानंच मापून दिलाय."

मी वर पाहिले. मोठ्या अक्षरांत 'खानावळि', आणि खाली, मापून दिलेल्या जागेत, 'खानावळ'.

मी विचारले, "त्या माझ्याबद्दल काही म्हणाल्या होत्या का कधी?" हा प्रश्न विचारताना माझे वय पुन्हा सतरा झाले होते.

"तुमचं नाव घेऊन नाही. पण मी लई चिडलो होतो, रविवार गेला म्हणून. कुणी केलं ते सांग म्हटलं, त्याला बघतो. तर म्हणाली, जेवायला येणाऱ्या पोराचं नाव विचारायचं नसतं."

भाचा मधेच बोलला. बहुधा मला सावरायला वेळ मिळावा म्हणून. नेपल्समध्ये एक चाल आहे, तो म्हणाला. माणूस कॉफी एक पितो आणि पैसे दोघांचे देतो. दुसरी कॉफी शिल्लक राहते, पुढे ज्याच्याजवळ पैसे नसतील त्याला मिळते. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. "आपण तसं करू या का, मामा?" मी खिशात हात घातला. एका मुलाचे महिनाभराचे जेवण द्यावे असे मनात आले.

मुलाने नोट परत माझ्या हातात ठेवली. "इथं तसली पोरं अजून येतात सर, त्यांचं चालतंय. आईची पद्धत तुम्हाला ठाऊक नाही काय? भिंतीवर रेघा होत्या ना? वर्षभर ज्यांनी दिले त्यांच्या पुसायची. ज्यांचे राहिले त्यांच्या तशाच. आणि दिवाळीच्या आधी आम्ही भिंतीला चुना मारायचो. झालं. पाडव्याला भिंत पांढरी. नवा हिशेब."

मला ते ठाऊक नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत मी निपाणीला असायचो. परत आलो की भिंत स्वच्छ दिसायची, ती सणासाठी रंगवली असेल असे वाटायचे. दोन महिन्यांचे माझे तीनशे रुपये एकदा राहिले होते. वडील आजारी होते. त्या वेळी अक्कांनी मागितले नाहीत ते विसरल्या म्हणून, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो.

परतीच्या बसमध्ये भाचा झोपला. डिसेंबरचा अंधार लवकर पडला होता. अधिवेशनाला १०० वर्षे झाली म्हणून शहरात जागोजाग रोषणाई होती. तिचा उजेड काकतीपर्यंत पाठीमागे दिसत होता. मी माझ्या हातांकडे पाहत होतो. तिथे आता खडूशिवाय काही नसते.

मराठी सातबाऱ्यासाठीचा माझा अर्ज मी याही वर्षी दिला आहे. १ जूनला हिंडलग्यालाही गेलो होतो. त्यात काही बदल झालेला नाही आणि होऊ नये. पण यंदा दहावीच्या वर्गात सीमाप्रश्नाचा धडा सांगताना मी पाटीची गोष्टही सांगितली. कुंचा कुणाच्या हातात होता, हेही सांगितले. वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील भाजीची गाडी लावतात, घरी कानडी आणि मराठी दोन्ही बोलतात. तिने विचारले, "सर, मग तुम्ही हात धुतल्यावर जेवलात?"

"जेवलो," मी म्हटले. "भाकरी मोजून देत नव्हत्या."